औषधं चालू असूनही सांधे पुन्हा सुजू लागले तर

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: गोळ्या नेमाने घेतोय, मधे बरं होतं, आता पुन्हा दुखायला लागलंय. पत्रं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे आमवाताच्या रुग्णांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत.

प्रश्न : वय ५२, कोथरूड. दोन वर्षं मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध १५ मिलिग्रॅम घेतेय, आठवड्यातून एकदा. वर्षभर छान गेलं. गेले दोन महिने सकाळी हाताची मूठ वळत नाही, मनगटं सुजतात. रक्तातला आरए फॅक्टर पुन्हा तपासला, पूर्वीइतकाच आहे. डॉक्टरांची तारीख दीड महिन्यावर आहे. तोवर एखादी गोळी वाढवू का?

गोळी स्वतःहून वाढवू नका आणि दीड महिना थांबूही नका. दवाखान्यात फोन करून ‘सूज परत आलीय’ एवढं स्पष्ट सांगा आणि अलीकडची तारीख मागा. सुजलेल्या सांध्यात आतलं हाड आणि कूर्चा झिजत असते. ती झीज पुढे कुठल्याही औषधाने भरून येत नाही, म्हणून मला तुमच्या दीड महिन्याची काळजी वाटते.

आरए फॅक्टर पुन्हा पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नका. निदानाच्या वेळी तो उपयोगी पडतो; आजार आज किती जोरात आहे ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतात. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांनी सांधे दाबून पाहणं. नेहमीच्या मोजणीत २८ सांधे असतात: खांदे, कोपरं, मनगटं, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. पावलं त्यात येत नाहीत. तेव्हा चवडे किंवा घोटे दुखत असतील तर आपणहून मोजे काढून दाखवा.

जाण्याआधी आठवडाभर रोज दोन ओळी लिहा. उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती वेळ लागला, आणि कुठल्या सांध्यावर सूज होती. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘दीड तास लागतो’ हे आम्हा डॉक्टरांना फार जास्त सांगतं. तुमच्या वयात अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या टोकाच्या सांध्यात साधी झीजही सुरू झालेली असते. ते दुखणं कामाने वाढतं, विश्रांतीने कमी होतं, आणि मेथोट्रेक्सेट वाढवून त्याला फरक पडत नाही. आमवाताचं दुखणं उलट वागतं: सकाळी सर्वांत जास्त, हालचालीने हळूहळू कमी.

मग गोळ्यांचा हिशेब. लग्नसराईत, प्रवासात, सर्दी-खोकल्यात किती आठवडे डोस चुकला? काही न लपवता सांगा, कारण त्यावरच पुढचा निर्णय ठरतो. डोस चुकला नसेल तर डॉक्टरांकडे बरेच मार्ग आहेत. १५ मिलिग्रॅमच्या पुढे तोंडावाटे घेतलेलं मेथोट्रेक्सेट आतड्यातून त्या प्रमाणात शोषलं जात नाही. म्हणून डोस वाढवायचा झाला तर एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ विभागून देतात किंवा त्वचेखाली इंजेक्शन देतात. सोबत सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताची दुसरी औषधं जोडता येतात. सर्वसाधारण नियम असा, की औषध बदलल्यावर तीन महिन्यांत ठळक फरक दिसला पाहिजे आणि सहा महिन्यांत आजार काबूत आला पाहिजे. नाही आला तर उपचार बदलायचे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

प्रश्न : भिगवणजवळच्या गावातून लिहितोय, वय ४५. पुण्याच्या औषधांनी पोट बिघडायचं म्हणून सोडली. एकाकडून पुड्या घेतो, दोन दिवसांत आराम पडतो. बंद केल्या की अंथरुणातून उठवत नाही. तोंडही सुजल्यासारखं दिसतंय.

दोन दिवसांत आराम, बंद केल्यावर दुप्पट त्रास आणि गोल झालेला चेहरा, यावरून पुडीत स्टेरॉइड, म्हणजे सूज झटपट दाबणारं औषध, असण्याचा दाट संशय आहे. उद्यापासून पुड्या एकदम बंद करू नका. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि ते अचानक थांबलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लाजू नका. ते मोजून स्टेरॉइड देतील आणि ते पायरी-पायरीने उतरवतील. साखर, रक्तदाब आणि हाडांची तपासणीही करून घ्या.

तुमच्याच भिगवणमध्ये १९९६ साली सांधेदुखीचं मोठं सर्वेक्षण झालं होतं. त्यात दर हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना आमवात आढळला. म्हणजे पंचक्रोशीत तुमच्यासारखे बरेच आहेत, आणि सगळ्यांना दर महिन्याला पुणं गाठणं जमत नाही हे मला समजतं. रक्ताच्या तपासण्या गावाजवळ करून रिपोर्ट पाठवा, तीन महिन्यांनी प्रत्यक्ष या, असं तुमच्या डॉक्टरांशी ठरवता येतं. पोट बिघडण्यावरही उपाय आहेत: रात्री जेवणानंतर गोळी, फॉलिक ॲसिड, नाहीतर इंजेक्शन.

प्रश्न : हडपसर. आईला आमवात आहे, औषधं चालू. तीन दिवस जोराचा ताप आला आणि सगळे सांधे धरले. आजार वाढलाय की चिकुनगुनिया?

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्याने चिकुनगुनियाची मोठी साथ पाहिली आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. आमवाताचा जोर वाढला तर कणकण येते. जोराचा ताप आमवाताच्या नावावर टाकू नये. चिकुनगुनिया ओळखायला पहिल्या आठवड्यात पीसीआर (रक्तात विषाणू शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) तपासणी उपयोगी पडते. ताप असेतो मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र थांबवू नका. अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे आधी सांगा. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक त्यासोबत धोकादायक आहे.

आणि एकच सांधा लाल, गरम, हात लावू न देणारा झाला असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सांध्यात पू झाल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : चिंचवड. तीन औषधं सहा महिने घेऊन फरक नाही. डॉक्टर बायोलॉजिक सुचवतात. टीबी होतो म्हणतात, भीती वाटते.

शरीरात दबून असलेला टीबी जागा होण्याचा धोका काही बायोलॉजिकमुळे, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणाऱ्या औषधांमुळे, खरोखरच वाढतो. म्हणूनच आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी मॅन्टू (त्वचेवरची) किंवा रक्ताची तपासणी करतात. दबलेला टीबी सापडला तर प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण महिन्याभराने बायोलॉजिक देतात. हिपॅटायटिस बी तपासणंही सोडू नका. खर्चाबद्दल संकोच न करता विचारा. भारतात तयार होणारे पर्याय मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त असतात.

प्रश्न : वांगं, टोमॅटो, दही बंद करू का?

नको. पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही आणि उगाच जेवण तुटतं. सिगारेट, बिडी मात्र आजच सोडा. धूम्रपानाने आजार वाढतो, औषधंही कमी लागू पडतात.

प्रश्न : वय २९, सदाशिव पेठ. आम्हाला बाळ हवंय, म्हणून मी मेथोट्रेक्सेट बंद करणार आहे. आधीच दुखतंय, आणखी वाढेल का?

वाढू शकतं, म्हणून नुसतं बंद करू नका, बदलून घ्या. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ते थांबवून सर्वसाधारणपणे तीन महिने जाऊ देतात आणि तोवर गर्भनिरोधन पाळायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन गरोदरपणातही चालतात. दिवस गेल्यावर अनेकींचे सांधे शांत होतात, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आजार उसळतो. त्या काळातली डॉक्टरांची तारीख बाळंतपणाआधीच घेऊन ठेवा. अंगावर पाजत असताना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेता येतं, मेथोट्रेक्सेट नाही.