वाचक विचारतात: खांदेरीचं दीपगृह ठेवायचं की काढायचं?

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही कराडची माणसं, समुद्र वर्षातून एकदा दिसला तर दिसला. दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला गेलेलो, रात्री थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचा दिवा दिसला तर लेक विचारते, किल्ला महाराजांचा मग वरचा दिवा कुणी लावला? आता खांदेरी जागतिक वारसा झालीय, मग ते इंग्रजांचं दीपगृह तिथं ठेवणार का काढणार? आणि बोटीबोटीवर जीपीएस असताना त्याचा उपयोग तरी काय?
– एक वाचक, कराड

उत्तर: लेकीला सांगा, किल्ल्यानंतर जवळजवळ 190 वर्षांनी तो दिवा आला. थळसमोरच्या बेटावर महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली 1679 मध्ये, मुंबईच्या अगदी तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही धावून आले, पण महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट काही सोडलं नाही, शेवटी सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. पुढे कान्होजी आंग्रे, आणि इथं तुमचा सातारा येतो बरं का. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं, म्हणजे सरखेलांचं (आरमारप्रमुख कान्होजींचं) आरमार साताऱ्याच्या गादीचं झालं. 1718 ला इंग्रजांनी खांदेरीवर मोठा हल्ला केला, तोही फसला.

दीपगृह 1867 चं. तोवर मराठी सत्ता जाऊन पन्नासेक वर्षं झालेली, मुंबई बंदराचा व्यापार वाढलेला, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला रात्री बंदराची वाट कळायला हवी होती. मग कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकावर प्राँग्ज दीपगृह झालं 1875 मध्ये आणि बंदरात संक रॉक 1884 मध्ये. खांदेरीचं या दोन्हींच्या आधीचं, हे लक्षात घ्या. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं, ज्यांनी इंग्रजांना तिथं पाय ठेवू दिला नाही त्यांचंच नाव, मला याचा फार आनंद वाटतो.

आता ठेवायचं का काढायचं. माझं स्पष्ट मत, काढायचा विचारसुद्धा करू नये. दीडशे वर्षांहून जास्त काळ उभी असलेली ती वास्तू आता त्या बेटाच्या इतिहासाचाच भाग झालीय. खरी काळजी दुसरीच आहे, दुरुस्ती कशी होते याची. समुद्रातल्या जुन्या दगडी बांधकामात खारी हवा सतत मुरत असते, चुन्याच्या सांध्यातून ती ओल बाहेर पडते, पण घाईघाईत वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मीठ दगडातच साचून त्याचे पापुद्रे निघायला लागतात, म्हणजे दुरुस्तीनेच भिंत खराब. किल्ल्याच्या तटालाही हेच लागू आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, तुमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडासारखाच (तोही 2025 च्या त्याच जागतिक वारसा यादीत आहे), आणि दीपगृह मुंबई बंदराकडे. दोघांनी एकत्र बसून चुन्याचं काम जाणणारे गवंडी लावले पाहिजेत, नुसत्या रंगरंगोटीने काही होत नाही.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे भिंग. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने 1820 च्या दशकात शोधलेली ही युक्ती, एका जाड भिंगाऐवजी काचेच्या प्रिझमांची वर्तुळं पितळी चौकटीत बसवायची, की साध्या दिव्याचा उजेडही एकवटून लांब जातो. जुन्या दीपगृहात दिवसा खोलीचे पडदे ओढून ठेवायची पद्धत आहे, कारण ऊन त्याच भिंगातून आत एकवटलं तर आग लागू शकते! आता एलईडी आले, भिंगाची गरज कमी झाली, आणि अशा वेळी जुनी भिंगं उतरवून कुठंतरी खोक्यात पडायची भीती असते. 1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 मध्ये नवा आला, त्यात जुनं दीपगृह वारसा म्हणून जाहीर करायची सोय आहे, ती भरपूर वापरली जावी असं मनापासून वाटतं.

जीपीएसबद्दल थोडक्यात. मोबाईलची बॅटरी संपते, सिग्नल जातो, कुणी मुद्दाम बिघडवूही शकतं. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी ठरलेली असते, किती वेळा आणि किती सेकंदांनी, ती मोजली की कुठला दिवा ते नाखव्याला कळतं. छोट्या होडीवर रात्री जाळं टाकणाऱ्या कोळ्यांना याचा आधार आजही आहे.

पुढच्या खेपेला बेटावर जायचं असेल तर थळला होडीची चौकशी करा, पावसाळ्यात जाऊ नका, आणि दीपगृहाच्या आवारात जायची परवानगी आहे का ते निघायच्या आधीच विचारून घ्या. वेताळाचं देऊळ आणि दगडाने ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा तो खडक लेकीला दाखवायला विसरू नका.