आजीला नऊवारी कुणी नेसवली?

प्रश्न: ताई, मी इंदूरला मास कम्युनिकेशनच्या सेकंड इयरला आहे. आम्ही पाच जणांनी मिळून मोबाइलवर साडेतीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ केला, रॅप आहे, मराठी-हिंदी मिक्स, आपण इथले मराठी लोक घरी बोलतो तसाच. राजवाडा, रात्रीचा सराफा आणि माझ्या आजीचं स्वयंपाकघर इथे शूट केलं. आता त्यावर रिप्रेझेंटेशनच्या, म्हणजे पडद्यावर कुणाला कसं दाखवलं जातं याच्या थिअऱ्या लावून रिपोर्ट लिहायचाय. मी हॉल, मल्वी, डायर या तिघा अभ्यासकांवर एकेक पॅरा टाकला तर सर म्हणाले, हे कुठल्याही व्हिडिओला चिकटेल. वरून ग्रुपमधली एकुलती एक मुलगी रुसलीय, म्हणते सहा शॉटमध्ये मी फक्त वळून बघते नि हसते. आजीला आम्ही मुद्दाम नऊवारी नेसवली, नथ घातली, मराठी दिसायला पाहिजे ना, एरवी ती गाउनवरच असते. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अरे, सुरुवात तूच करून दिलीयस की, आजीच्या गाउनपासून! तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे आणि रिपोर्टात मात्र ते नसणार, पैज लावते.

स्टुअर्ट हॉल काय म्हणतो, की चित्र म्हणजे आरसा नाही, अर्थ आधीच तिथे पडलेला असतो आणि कॅमेरा तो उचलून आणतो असं होत नाही, तो आपण खुणा वापरून घडवतो. आता तुझी आजी खरी, स्वयंपाकघर खरं, पोळीही खरीच, पण कॅमेऱ्यासमोर खरी आजी तुला पुरेशी मराठी वाटेना म्हणून तू खुणा चढवल्यास. इंदूरमध्ये जन्म काढलेली, भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणारी, घरी मराठीत रागावणारी बाई, ती तुझ्या व्हिडिओत लावणीच्या बॅनरवरची वाटायला लागली. हे कसं झालं, का झालं, कुणी ठरवलं, हे लिही. एवढ्यावरच दोन पानं होतील. रिचर्ड डायर स्टीरिओटाइपबद्दल, म्हणजे माणसांच्या ठरावीक साच्यांबद्दल विचारतो तेही इथेच बसतं: हे ठरवायची ताकद कुणाकडे आहे? इथे गंमत अशी की बाहेरच्या कुणी आपल्याला साच्यात बसवलं नाही, नातवानेच बसवलं.

आता त्या मुलीचं. ती बरोबर बोलतेय. लॉरा मल्वीने १९७५ साली मेल गेझवर, म्हणजे बाईकडे बघणाऱ्या पुरुषी नजरेवर लिहिलं ते हॉलिवुडच्या गोष्टवाल्या सिनेमाबद्दल. तीन नजरा: कॅमेऱ्याची, प्रेक्षकांची आणि पात्रांची एकमेकांकडे. गोष्टीच्या सिनेमात नट सहसा लेन्समध्ये बघत नाही, म्हणून पहिल्या दोन नजरा लपून राहतात. पण म्युझिक व्हिडिओत तर गाणारा सरळ आपल्या डोळ्यात बघून बोलतो! म्हणजे मल्वी जशीच्या तशी चिकटवलीस तर सर ओरडणारच. त्यापेक्षा एडिटिंगची टाइमलाइन उघड आणि शॉटगणिक मांड, कोण कुणाकडे बघतंय, ओठ कुणाचे हलतायत, कॅमेरा खालून की वरून, तुकडा किती सेकंदांचा. मला वाटतं असं निघेल की चारही पोरं लेन्सकडे बघून बोलतात आणि ती फक्त तुमच्याकडे बघते, एकही ओळ तिच्या तोंडी नाही. तसं निघालं तर हा तुझा स्वतःचा शोध आहे, थिअरीतून उचललेला नाही. अँड्र्यू गुडविनचं १९९२ चं काम पण बघ, खास म्युझिक व्हिडिओवरच आहे, गाण्याचे शब्द आणि चित्र एकमेकांना दाखवतात, वाढवतात की उलटे जातात हे तो तपासतो. तुमच्या रॅपमध्ये ‘आपलं शहर, सगळ्यांचं शहर’ टाइप ओळ असणारच (असतेच बाबा, काय करणार), तेव्हा पडद्यावर कोण आहे ते बघ.

आणि सराफ्यात शूट करताना फ्रेममध्ये कोण कोण आलं होतं? दिवसा सोन्याची दुकानं, रात्री खाण्याच्या गाड्या, भुट्ट्याचा कीस नि गराडू, हे सगळेच दाखवतात. पण २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर म्हणून आपण मिरवतो तर रात्री झाडू मारणारी माणसं कुठे गेली? मागे धूसर दिसतात की कटमध्येच उडाली? रिप्रेझेंटेशनमध्ये न दिसणारेही मोजायचे असतात.

हॉलचं १९७३ चं एन्कोडिंग-डिकोडिंग (बनवणारा अर्थ भरतो, बघणारा तो आपल्या परीने वाचतो) मात्र घरबसल्या लिहू नकोस, लोकांना दाखव. तो टीव्हीबद्दल बोलत होता, पण सूत्र चालतं: बनवणाऱ्याला हवा तोच अर्थ घेणारे, थोडा घेऊन थोडा बदलणारे, आणि सरळ उलटा वाचणारे. पुण्याचा एखादा चुलतभाऊ, वर्गातला हिंदीभाषक मित्र, आणि आजी. तिघांना वेगवेगळं बसवून दाखव, आधी काही सांगू नकोस, बोलतील ते त्यांच्याच शब्दात लिहून घे. भावाला तुमची भाषाच विनोदी वाटली तर तेही लिही, वाईट वाटलं तरी.

गाउनमधला आजीचा एखादा शॉट फोनमध्ये उरला असेल तर नऊवारीच्या शॉटशेजारी स्क्रीनशॉट म्हणून लाव. आजीला विचारून हं.