परदेशात राहून काम केलेले महत्त्वाचे रशियन ध्वनिअभ्यासक कोण?
या प्रश्नाला माझ्या मते पहिले नाव निकोलाय त्रुबेत्स्कोय यांचे द्यावे लागेल. १८९० मध्ये मॉस्कोत सरदार घराण्यात जन्मलेल्या त्रुबेत्स्कोय यांना क्रांतीनंतर देश सोडावा लागला आणि आधी बल्गेरियातील सोफियात, मग १९२२ पासून व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. कानाला जाणवणारा प्रत्येक उच्चारभेद भाषेच्या दृष्टीने सारखा महत्त्वाचा नसून, आपल्या ‘काल’ आणि ‘काळ’ यांतल्याप्रमाणे अर्थ बदलणारा भेदच निर्णायक असतो, या विचाराची त्यांनी काटेकोर पद्धत घडवली. वंशवादावर टीका केलेल्या या विद्वानाच्या घराची १९३८ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, झडती घेऊन कागदपत्रे जप्त केली. हृदयविकाराने खचलेले त्रुबेत्स्कोय त्याच वर्षी जूनमध्ये वारले. त्यांचा ध्वनिविचारावरील, थोडासाच अपुरा राहिलेला मुख्य ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.