घरचे डिजिटल फोटो डीव्हीडीवर साठवून ठेवले तर टिकतील का?

टिकतील, पण डीव्हीडी ही दुसरी किंवा तिसरी प्रत असू द्या, एकमेव प्रत कधीच नको. मी बरीच वर्षं स्टुडिओत लग्नाच्या डिस्क बर्न करून (म्हणजे त्यांवर डेटा लिहून) देतोय आणि जुनी डीव्हीडी "लागतच नाही" म्हणून ती हातात घेऊन आलेली माणसं पाहिली की फार वाईट वाटतं. साध्या डीव्हीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत, डेटा सेंद्रिय रंगाच्या थरात लिहिला जातो. ऊन, उष्णता आणि दमट हवेने हा थर हळूहळू बिघडतो. वरून डिस्क चकचकीत दिसते, पण कॉपी करायला घेतली की अर्ध्यावर अडकते. बर्निंग आतून बाहेर होतं आणि आपली बोटं नेमकी काठाला लागतात, म्हणून 4.7 जीबीची डिस्क काठोकाठ भरू नका. सगळ्यात जास्त स्पीड टाळा आणि बर्न झाल्यावर 'व्हेरिफाय' कराच, म्हणजे डिस्कवर लिहिलेलं मूळ फाइलशी जुळतं का ते तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. स्टिकर चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने तारीख टाका. डिस्क केसमध्ये उभी, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी लावून बघा आणि कुरकुर सुरू झाली तर लगेच नवी प्रत काढा. एम-डिस्क या खास टिकाऊ डिस्कची गोष्ट मात्र वेगळी: तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी अजैविक थर असतो, त्यामुळे ती जास्त टिकाऊ. पण ती लिहायला तिला चालणाराच रायटर (डिस्क लिहिणारा ड्राइव्ह) लागतो.