हॉलची किल्ली कोणाकडे असते?

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. सात संस्था, प्रत्येकीपुढे फी, होस्टेल, सांगलीपासूनचं अंतर, 'नाव किती मोठं' हा रकाना, आणि खाली मला विचारलेला प्रश्न: "ताई, यातली सगळ्यात चांगली कुठली?" दोन दिवस ती यादी टेबलावर ठेवून बसले होते. रकाने तू मन लावून आखलेत. पण जिला दिग्दर्शक व्हायचंय तिने सगळ्यात आधी आखायला हवा होता, तोच रकाना राहिलाय. तिथे असताना तू स्वतः किती नाटकं बसवणार?

म्हणजे संहिता निवडण्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत सगळं तुझ्या अंगावर आहे, अशी नाटकं. बाहेरून आलेल्या मोठ्या दिग्दर्शकाला साहाय्य केलेली यात धरू नकोस. त्यातूनही शिकायला मिळतं, भरपूर मिळतं, पण ते वेगळं शिकणं.

हे मी इतकं धरून का बसले आहे ते सांगते. गाणाऱ्याला तानपुरा पुरतो. लिहिणाऱ्याला वही पुरते. नटाला आरशासमोर, गच्चीवर, एकट्याने काहीतरी घासून घेता येतं. दिग्दर्शकाचा रियाज घरी होतच नाही. त्याला माणसं लागतात, संध्याकाळी सहाला न चुकता येणारी. मोकळी जागा लागते, चार दिवे लागतात, आणि अमुक तारखेला प्रयोग आहे ही टांगती तलवार लागते. हे सगळं बाहेर एकट्याने जमवायचं तर वर्षातले नऊ महिने जमवण्यातच जातात. विद्यापीठ तुला देऊ शकतं ते मुख्यतः हेच. व्याख्यानं त्यानंतर.

मी जिथे शिकले त्या विभागाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं आता बदललीत. तेव्हा हॉलची किल्ली कार्यालयातल्या कारकुनाकडे असायची आणि ते साडेपाचला घरी जायचे. तालमी सहाच्या. अर्ज द्या, सही आणा, मग किल्ली. तोवर हॉल कुठल्यातरी सत्कार समारंभाला दिलेला असायचा. दोन वर्षांत मला दिग्दर्शक म्हणून मिळाला वीस मिनिटांचा एक प्रवेश. बाकी वेळ आम्ही नेपथ्याचे फ्लॅट रंगवले आणि नाट्यशास्त्राच्या नोट्स उतरवल्या. पदवी मिळाली, पहिला वर्गही मिळाला. आणि बाहेर पडल्यावर पहिल्यांदा बारा नट समोर उभे राहिले तेव्हा त्यांना कुठे उभं करायचं हेच मला कळेना. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून तुला हे लिहिते आहे.

त्या वीस मिनिटांतलं एक मात्र सोन्यासारखं जपलंय. बाप आणि लेक, लेक लग्न मोडून घरी परत आलेली. मी दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं होतं, कारण संवाद समोरासमोर बोलले जातात. आठ दिवसांसाठी आलेले एक पाहुणे शिक्षक तालीम बघत होते. ते उठले, बापाची खुर्ची उचलली आणि दाराकडे पाठ करून ठेवली. लेकीला म्हणाले, दारातून ये, बॅग खाली ठेवू नकोस. बस. तीच वाक्यं, तेच नट. आता बाप वळून बघतो की नाही यावर सगळा प्रवेश तोलला गेला. तिने "बाबा" म्हटलं आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं तेव्हा हॉलमध्ये बसलेली आमची सगळी मुलं गप्प झाली. मग ते मला बाजूला घेऊन बसले आणि दीड तास बोलले. खुर्ची तिथे का, मधे अंतर किती, बॅग हातात असल्याने काय होतं. मी जे काही दिग्दर्शन शिकले ते त्या दीड तासात सुरू झालं.

तेव्हा दुसरा रकाना हा आख: प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याबरोबर कोण बसणार? पडलेल्या नाटकाजवळ बसणारा शिक्षक जिथे असेल, ती जागा नावाने लहान असली तरी चालेल.

आता तुझ्या यादीकडे येते.

दिल्लीची एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तू पहिल्या क्रमांकावर लिहिली आहेस. संस्था सुरू झाली १९५९ साली, पण तिला वळण लागलं ते १९६२ ते १९७७ या काळात एब्राहिम अल्काझी तिथे संचालक असताना. तीन वर्षांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम आहे, विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, आणि पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. पुढे अभिनय किंवा रचना-दिग्दर्शन अशी वाट निवडायची. रचना आणि दिग्दर्शन एकत्र शिकवतात हे मला फार मोलाचं वाटतं. नेपथ्याचं मॉडेल स्वतःच्या हाताने कापलं, दिव्यांचा आराखडा स्वतः काढला, की नेपथ्यकाराशी आणि प्रकाशयोजनाकाराशी त्यांच्या भाषेत बोलता येतं. नाहीतर आयुष्यभर "जरा मूड हवा" एवढंच म्हणत राहतो आपण. प्रवेशासाठी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. प्राथमिक फेरीनंतर दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा घेऊन निवड होते. दिग्दर्शन करायचं असलं तरी तिथे तुला अभिनय करून दाखवावाच लागेल, तेव्हा दोन स्वगतं आत्तापासून पाठ कर, एक मराठीतलं आणि एक हिंदीतलं. जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. पहिल्यांदा नाही झालं तर रडत बसू नकोस.

पण दिल्लीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. मणिपूरचे दिग्दर्शक हैस्नाम कन्हैयालाल १९६८ साली एनएसडीत गेले. तिथल्या हिंदी-इंग्रजीशी जुळेना, थोड्याच काळात संस्था सोडावी लागली. इंफाळला परतून १९६९ साली त्यांनी कलाक्षेत्र मणिपूर सुरू केलं आणि शब्दांवर फारसं न विसंबणारं, शरीरातून बोलणारं नाटक घडवलं. त्यांच्याच मणिपूरचे रतन थियाम त्याच एनएसडीतून १९७४ साली पूर्ण शिकून बाहेर पडले आणि १९७६ साली इंफाळमध्येच कोरस रेपर्टरी ही स्वतःची नाटकमंडळी उभी केली. एक टिकला, एक परतला. दोघांकडे बघायला पुढे जगभरातून माणसं आली. संस्थेत प्रवेश मिळणं आणि दिग्दर्शक होणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते या दोघांकडे बघून कळतं.

यातून भाषेचा मुद्दा निघतो. तू संवाद कानाने तपासतेस. मागच्या वर्षी तुझ्या एकांकिकेच्या तालमीला आले होते तेव्हा बघितलं, डोळे मिटून ऐकत होतीस आणि नट जिथे खोटा लागला तिथे बरोबर थांबवत होतीस. हा कान मराठीवर तयार झालाय. दुसऱ्या भाषेत तीन वर्षं काम करताना तो काही काळ बहिरा होतो, आणि मग डोळा जास्त काम करायला लागतो. ही किंमत आहे आणि फायदाही आहे. तुझा डोळा अजून कच्चा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुझे नट नेहमी अर्धवर्तुळात उभे राहतात. म्हणून मराठीबाहेर जायला मी तुला भिऊ देणार नाही.

पुण्यातलं ललित कला केंद्र तू चौथ्या क्रमांकावर टाकलंस. मी ते वर घेतलं असतं. १९८७ साली पुणे विद्यापीठात ते सुरू झालं, सतीश आळेकर अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. तिथे नाटक, संगीत आणि नृत्य एका छपराखाली शिकवतात. याचा अर्थ काय ते 'घाशीराम कोतवाल'वरून समजून घे. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यातली नटांनीच रांगेत उभं राहून केलेली माणसांची भिंत एकट्या दिग्दर्शकाच्या डोक्यातून चालती होत नाही. ती चालते, गाते, वळते, फुटते, कारण तिघांच्या तीन विद्या तिच्यात गुंफल्यात. शेजारच्या खोलीत पखवाज वाजतोय, पलीकडे कथकचा तोडा चाललाय, आणि तू तिथल्या मुलीला चहाला बोलावून विचारू शकतेस, "माझ्या प्रवेशात येशील का?" ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिनाला आहे, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. वामन केंद्रे तिचे पहिले संचालक, पुढे एनएसडीचेही झाले. मुंबईचा फायदा मुंबईच आहे. संध्याकाळी शिवाजी मंदिरला व्यावसायिक नाटक, दुसऱ्या दिवशी पृथ्वी थिएटरला हिंदी प्रयोग. तोटाही मुंबईच. मालिकांचे फोन यायला लागले की दुसऱ्या वर्षी तालमीला नट उरत नाहीत, त्यामुळे तिथे गेलीस तर तुझे नट तुला घट्ट धरून ठेवावे लागतील. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग तुझ्या यादीत नव्हताच, तो लिही. मराठवाड्यातली, खेड्यापाड्यांतली मुलं तिथे येतात, लोककलेचं अंग घेऊन येतात, आणि अशा नटांबरोबर काम केलं की आपली शहरी सफाई गळून पडते. पणजीची कला अकादमीही बघून ये, घरापासून फार लांब नाही.

आणि हेग्गोडू. शिवमोग्गा जिल्ह्यातलं, सुपारीच्या बागांमधलं छोटं गाव. के. व्ही. सुब्बण्णांनी तिथे १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९८० साली त्याची नाट्यशाळा काढली. साधारण वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम, शिकवणं कन्नडमधून. त्यांची तिरुगाट नावाची फिरती मंडळी १९८५ पासून कर्नाटकातल्या गावागावांत नाटकं घेऊन जाते. तुझी आजी जतची. घरात कानडी कानावर पडत आलंय तुझ्या. हा दरवाजा तुझ्यासाठी अर्धा उघडा आहे आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. तंबू, ट्रक, वेगळं गाव, वेगळा रंगमंच, आज खांब मधे येतोय तर प्रवेश हलवा: दिग्दर्शकाला याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

परदेशाचं आत्ता मनात आणू नकोस. आधी इथे चार नाटकं पाडून घे, मग काय शिकायला जायचं ते तुला कळेल.

अर्ज भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी एक दिवस जा. आणि दुपारी जाऊ नकोस, दुपारी सगळे विभाग सारखेच दिसतात. संध्याकाळी सातला जा. हॉलमध्ये दिवा आहे का बघ. किल्ली कोणाकडे असते विचार, विद्यार्थ्यांकडे असली तर निम्मं काम झालं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ, प्रमुखांना नंतर भेट. गेल्या वर्षी तुम्ही स्वतः काय बसवलंत? संहिता कोणी निवडली? प्रकाशयोजनेच्या बोर्डाला हात लावू देतात की फक्त तंत्रज्ञच चालवतो? प्रयोगानंतर चर्चा झाली का, आणि तिच्यात कोणी भांडलं का? मुलं हे सांगताना एकमेकांचं वाक्य तोडून बोलायला लागली तर समज, तिथे काहीतरी जिवंत आहे. खांदे उडवले तर चहा पी आणि परत ये.

बाबांचं टेन्शन मला ठाऊक आहे. त्यांना सांग की नाट्यशास्त्रात प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा देता येते, महाविद्यालयात शिकवता येतं, केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्तीही आहे. पण हेही सांग की दिग्दर्शनाची नोकरी अशी नसते. ते खोटं आश्वासन त्यांना देऊ नकोस. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते, आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवत होते. नाटक त्यांनी त्याच्याबरोबरीने केलं. तुझी बीएस्सी तू पुरी कर, चांगल्या गुणांनी कर. ती वाया जात नाही, आणि बाबांची झोपही थोडी परत येईल.

शेवटचं, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेबद्दल. या वर्षी तुम्ही अंतिम फेरीत आला नाहीत म्हणून 'मला जमतं की नाही' असं तू लिहिलंस. मी प्रयोग बघितला. शेवटची सात मिनिटं ढिली होती, कारण तू परीक्षकांना आवडेल असा शेवट शोधत होतीस आणि आधीची वीस मिनिटं तुझी स्वतःची होती. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात.

पुढच्या शनिवारी माझी तालीम आहे, सहा ते दहा. सकाळच्या गाडीने ये, मुक्कामाला माझ्याकडेच राहा. एकांकिकेची तुझी प्रत आण, पेन्सिलीच्या खुणा असलेली, फाटलेली असली तरी तीच. ती सात मिनिटं आपण खुर्च्या मांडून बघू.

तुझी,
ताई