वाचकांचे प्रश्न : खानदेशच्या उन्हातली भूत जोलोकिया

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांमध्ये भूत जोलोकियाची चार रोपं आहेत. मार्चपासून फुलं येतात आणि दोन-तीन दिवसांत गळून पडतात. एवढी जहाल मिरची, मग तिला ऊन का सोसत नाही? (भुसावळ)

मिरचीच्या तिखटपणाचा आणि तिच्या ऊन सोसण्याचा काही संबंध नाही. भूत जोलोकिया आसाम, नागालँड, मणिपूर या पट्ट्यातली. दमट हवा आणि वारंवार ढगाळणारं आभाळ तिच्या सवयीचं. भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. दिवसा ३३-३४ अंशांच्या पुढे आणि रात्री २४-२५ च्या पुढे तापमान राहिलं की पराग निकामी होतात. मग फलन होत नाही आणि झाड फूल टाकून देतं. गच्चीवर तर स्लॅब रात्रीही तापलेलाच असतो.

पडलेलं एक फूल हातात घेऊन पाहा. फूल धडधाकट आणि देठाचा सांधा पिवळा असेल, तर कारण उष्णता किंवा पाण्याची ओढाताण. पाकळ्या वेड्यावाकड्या असून आत तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर फुलकिडे.

उपाय सांगायचा तर उन्हाळ्यात फळाची अपेक्षाच सोडा, फक्त झाड जगवा. मार्च ते जून ५० टक्के सावलीची जाळी लावा, निदान अकरा ते पाच. काळ्या कुंडीच्या भिंतीतून मुळं भाजतात, म्हणून कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि कुंडी विटांवर ठेवा. कुंडी २० लिटरपेक्षा लहान नको. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चालतं. पाणी सकाळी, तळातून निथळेपर्यंत द्या. मे महिन्यात संध्याकाळी बोट दोन पेरं खुपसून पाहावं, कोरडं लागलं तर पुन्हा.

या काळात युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं. जूनच्या शेवटी वाळक्या, वेड्यावाकड्या फांद्या छाटून मूठ-दोन मूठ गांडूळखत द्या. पाऊस स्थिरावून रात्री थंडावल्या की याच झाडांवर फळ धरेल.

प्रश्न : बी कधी टाकावं? मागच्या वर्षी ट्रेमध्ये टाकलं, बारा दिवस वाट पाहिली, एकही उगवलं नाही. (शहादा)

बारा दिवसांत ट्रे रिकामा केला असेल तर चांगलं बीही वाया गेलं असण्याची शक्यता आहे. आपली नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत कोंब दाखवते. ही जात १५ ते २५ दिवस घेते, काही बिया महिनाभरही. बी १२ तास कोमट पाण्यात भिजवा, कोकोपीटमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल टाका, ट्रे सावलीत झाकून ठेवा. कोकोपीटचं तापमान २६ ते ३० अंश हवं. मेच्या कडाक्यात बी टाकू नये. जूनच्या मध्यावर हवा उतरली की टाकावं. कोकोपीट पिळल्यावर हातातून पाणी टपकत असेल तर ते फार ओलं आहे. अशा ओलाव्यात रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आधीच मिसळली तर हा धोका कमी होतो.

रोप ७-८ आठवड्यांचं झालं की पुनर्लागवड. म्हणजे ऑगस्ट. लाल फळ नोव्हेंबरच्या शेवटाकडे. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तर झाड थबकतं, पण मरत नाही.

तुम्ही एकरभर लावण्याचंही विचारलं आहे. घेणारा ठरल्याशिवाय लावू नका. नंदुरबारच्या बाजारात मिरची गाड्या भरून विकली जाते खरी, पण ती आपली नेहमीची वाणं. आधी पन्नास रोपं करून पाहा.

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेलं रोप खरंच भूत जोलोकियाचं आहे की नाही, कसं ओळखावं? (चोपडा)

फळाच्या हिरव्या टोपीखाली, म्हणजे जिथे देठ मिळतो तिथे, दोऱ्याने आवळल्यासारखं कडं दिसतं. एका पेरावर दोन-तीन फुलं येतात, आपल्या नेहमीच्या मिरचीला बहुधा एकच. साल खडबडीत, सुरकुतलेली. गुळगुळीत, सरळसोट आणि आभाळाकडे तोंड केलेली मिरची असेल तर दुसरं काही आहे. शेजारी लवंगी असेल तर फळाचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, संकर होऊ शकतो. धरायचंच तर एका फांदीवर कळ्या उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा, फांदी रोज हलकीच हलवा, फळ धरलं की दोरा बांधून खूण करा.

प्रश्न : पानं चुरगळली आहेत. बोकड्या म्हणून फवारणी केली, फरक नाही. (पारोळा)

बोकड्या हे लक्षण आहे, रोग नव्हे. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे. खाली वळल्या आणि पान अरुंद, लांबट झालं तर कोळी ही बारीक कीड. पानं बारीक, जाड, शिरा फुगलेल्या आणि झाड खुजं असेल तर विषाणू, जो पांढरी माशी आणते. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून बाहेर काढा. फुलकिड्यांवर निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क, दर सात दिवसांनी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. कोळ्यांवर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण तापमान ३२ च्या वर असताना नको, पानं करपतात. कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक मारू नये.

प्रश्न : ठेच्यात किती घालावी? बिया काढल्या तर चालेल का? आणि आमच्या मंडळाने गणपतीत ती खाण्याची स्पर्धा ठेवली आहे, काय काळजी घ्यावी? (जळगाव)

२००७ मध्ये गिनेसने नोंदवलेली भूत जोलोकियाची तीव्रता १०,०१,३०४ स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचं एकक). आपली चांगली तिखट मिरची ३० ते ५० हजारांच्या घरात. म्हणजे किमान वीस पट. १०० ग्रॅम कमी तिखट हिरवी मिरची, १२ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, २ चमचे शेंगदाण्याचं कूट, मीठ. एवढ्यात पाव भूत जोलोकिया, तेही पहिल्यांदा.

बिया काढून उपयोग नाही. तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्यात असतं. मिरची उभी चिरून उजेडात धरा, त्या गरावर पिवळसर तेलाचे बारीक थेंब चमकतात. या जातीत तर आतल्या भिंतीवरही तिखटाच्या पेशी असतात, म्हणून गर खरवडूनही ती मवाळ होत नाही.

तव्यावर कोरडी भाजू नका. धूर घशात जातो आणि तिचा फळासारखा सुगंध जळतो. तो सुगंध हीच तर तिची खरी किंमत. शेंगदाणा तेल कोमट करा, गॅस बंद करून तुकडा त्यात बुडवा, मग मीठ-लसणाबरोबर खलबत्त्यात कुटा. पहिल्या घासाला वाटतं, एवढी कुठे तिखट आहे? तिखट वीस-तीस सेकंदांनी चढतं, दुसऱ्या घासाने माणूस फसतो. कळण्याच्या भाकरीबरोबर बोटभर घेऊन मिनिटभर थांबा. उपाशीपोटी नको. अल्सर, आम्लपित्त, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि मुलांनी टाळावी.

स्पर्धा ठेवू नका, हे आमचं ठाम मत. अमेरिकेत अशाच स्पर्धेत कॅरोलिना रीपर ही अतिजहाल मिरची खाल्लेल्या ३४ वर्षांच्या माणसाला मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून असह्य डोकेदुखी झाल्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मंडळाला मिरचीच हवी असेल तर ठेचा करण्याची स्पर्धा ठेवा.

चिरताना नायट्राइलचे हातमोजे घाला. हात जळू लागले तर आधी खाण्याचं तेल चोळा, मग भांड्याचा साबण, असं दोन-तीनदा. कारण हे तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तोंडासाठी दूध किंवा दही घोळवत ठेवा, पाण्याचे घोट नुसते तिखट पसरवतात. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, चोळू नका, आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. आणि वाळवलेल्या मिरचीचं तिखट मिक्सरमध्ये केलंत, तर झाकण दहा मिनिटांनी, अंगणात उघडा.