टॉमी गॉडविन यांची सही असलेला फोटो १९३९ च्या सायकल विक्रमाची आठवण म्हणून विकत घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बर्मिंगहॅमला राहणाऱ्या तुमच्या मेहुण्यांना तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका सायकलपटूचा चौकटीत बसवलेला फोटो मिळतो आहे. त्यावर शाईने 'टॉमी गॉडविन' अशी सही आहे, खाली '१९३९, एका वर्षात सर्वाधिक अंतर' अशी टंकलिखित पट्टी चिकटवलेली आहे आणि विक्रेता दीडशे पौंड मागतो आहे. तुमच्या वाढदिवसाला भेट म्हणून तो घ्यावा का, असे मेहुण्यांनी विचारले आहे. फोटो नीट निरखल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे मत आहे. टॉमी गॉडविन नावाचे नामवंत इंग्रज सायकलपटू एक नव्हे, दोन होऊन गेले, आणि बर्मिंगहॅममध्ये मिळणारी सही त्यांतल्या दुसऱ्यांची असण्याचा संभव अधिक आहे.

पट्टीवर ज्या विक्रमाचा उल्लेख आहे तो पहिल्या गॉडविन यांचा. त्यांचा जन्म १९१२ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या फेंटन भागातला. लहानपणी ते दुकानाचा माल सायकलवरून घरपोच देत. एका वर्षात सर्वाधिक अंतर कोण कापतो ही चुरस इंग्लंडमधल्या 'सायकलिंग' या साप्ताहिकाने १९११ मध्ये सुरू केली होती आणि १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकोल्सन यांनी ती ६२,६५७ मैलांवर नेऊन ठेवली होती. १ जानेवारी १९३९ रोजी पहाटे ५ वाजता गॉडविन निघाले. वर्षअखेरीस त्यांच्या नावावर ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १,२०,८०० किलोमीटर जमा झाले. सरासरी काढली तर दिवसाला ३३० किलोमीटर पडतात. पुण्याहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत यावे, वर थोडे आणखी फिरावे, आणि हे दिवाळीलासुद्धा सुट्टी न घेता ३६५ दिवस करावे, असा तो हिशोब आहे. २१ जूनला तर त्यांनी एका दिवसात ३६१ मैल काढले. सप्टेंबरात युद्ध सुरू होऊन रात्री अंधार पाळण्याचा हुकूम निघाला, तेव्हा दिव्याची काच झाकून मिणमिणत्या उजेडात ते चालवत राहिले. (ते शाकाहारी होते, हे आपल्याकडे 'नुसत्या वरणभातावर काय होणार' म्हणणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो.) वर्ष संपल्यावरही ते थांबले नाहीत. मे १९४० मध्ये ५०० दिवसांत १,००,००० मैल पुरे करूनच ते खाली उतरले. त्यानंतर नीट चालता येण्यासाठी त्यांना काही आठवडे सराव करावा लागला आणि मग ते हवाई दलात भरती झाले.

दुसरे टॉमी गॉडविन १९२० मध्ये अमेरिकेत, इंग्रज आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि पुढे कुटुंबासह इंग्लंडला परतले. बर्मिंगहॅमच्या बीएसए या सायकली बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात ते कामाला होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या, म्हणजे कडेला उतार असलेल्या बंदिस्त गोल मार्गावरच्या शर्यतींत त्यांनी दोन कांस्यपदके मिळवली, नंतर बर्मिंगहॅमच्याच किंग्ज हीथ भागात सायकलचे दुकान अनेक वर्षे चालवले आणि राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणूनही काम केले. ते २०१२ पर्यंत हयात होते, तर विक्रमवीर गॉडविन १९७५ मध्येच, मित्रांबरोबरच्या एका सायकल फेरीवरून परतताना वारले. कोणाच्या सह्या अधिक संख्येने मागे राहिल्या असतील, आणि त्या कोणत्या शहरात, याचा अंदाज यावरून बांधता येतो. विक्रेता लबाडच आहे असे मला म्हणायचे नाही. नाव सारखे दिसल्यावर आधीच्या एखाद्या मालकाने भाबडेपणाने पट्टी चिकटवली असेल.

सहीपेक्षा फोटोतली सायकल अधिक खरे बोलते. विक्रमाच्या वर्षी गॉडविन आधी ले नावाच्या लहान कारखान्याच्या सायकलवर आणि नंतर रॅलेच्या सायकलवर होते. (हीच ती रॅले, जी आपल्या आजोबांच्या पिढीला आसनसोलच्या सेन-रॅलेमुळे घरची वाटायची.) बारा महिने तेरा काळ रस्त्यावर राहणारी ती सायकल होती, म्हणून तिला ब्रेक, दिवा आणि मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेले स्टर्मी-आर्चरचे चार गिअर होते. ट्रॅकच्या सायकलला यांतले काहीच नसते, ब्रेकसुद्धा नसतो. दुसरी खूण कंपनीच्या नावाची. विक्रमवीरांनी कारखान्याकडून पैसे घेतले होते, त्यामुळे त्यांच्या चित्राबरोबर सायकलच्या कंपनीचे नाव खुशाल छापले जाई. युद्धानंतर त्यांना हौशी खेळाडू म्हणून पुन्हा शर्यतीत उतरायचे होते, सहकाऱ्यांनी अर्जही केला, पण याच कारणावरून तो नाकारला गेला. माझ्या मते त्या विक्रमाइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९४८ चे गॉडविन हौशी होते आणि त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूने कंपनीची जाहिरात करणे नियमात बसत नसे.

पट्टीवरचा मजकूरही वाचून घ्यावा. ७५,०६५ हा आकडा असेल तर ती १९३९ साल संपल्यावरच तयार झालेली असणार. 'अजून कोणी मोडला नाही' अशा अर्थाचे काही असेल तर ती २०१६ पूर्वीची. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेचे कर्ट सीअरव्होगेल ७६,०७६ मैलांपर्यंत पोचले आणि पुढच्याच वर्षी अमांडा कोकर यांनी ८६,५७३ मैल केले.

आता थोडे माझ्या आवडीचे. त्या वर्षाची खरी आठवण मला फोटोत नव्हे, नोंदपत्रांत दिसते. विक्रमाला निघालेल्या स्वाराने रोजचे अंतर छापील कार्डावर भरायचे, वाटेत भेटलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची आणि कार्ड साप्ताहिकाकडे पाठवायचे, अशी पद्धत होती. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, त्यांत आम्ही आजही जवळपास तेच करतो. माझ्याकडे ३०० किलोमीटरच्या फेरीचे एक कार्ड आहे. पुण्याहून कराडच्या अलीकडे जाऊन परत, मुदत २० तास. पावसाने त्याची घडी फुगली आहे, आणि परतीच्या ठाण्यावर पेट्रोल पंपावरच्या मुलाने सहीखाली 'दु. २.१०' असे लिहिले, त्यातला शून्य पार विरघळून गेला आहे. त्या फेरीचे पदक कुठल्या खणात आहे ते मला शोधावे लागेल, कार्ड मात्र टेबलाच्या काचेखाली असते. त्यामुळे १९३९ चे भरलेले, सहीचे कार्ड कोणी विकायला काढले तर मी दीडशे पौंडांचाही विचार करीन, पण अशी कार्डे साप्ताहिकाकडे जमा होत असल्यामुळे ते विक्रेत्याकडे कसे आले, हे आधी विचारीन.

मेहुण्यांना फोटो चौकटीतून काढून पाठीमागचा शिक्का किंवा लिखाण टिपून पाठवायला सांगा आणि पुढच्या ब्रेकचा जवळून एक फोटो मागवा. ब्रेक नसेल, मागे ट्रॅकचा उतार दिसत असेल, तर तो ऑलिंपिकवाल्या गॉडविन यांचा समजावा. तोही भिंतीवर लावण्यासारखाच आहे. फक्त पट्टी काढायला लावावी आणि किंमत नव्याने ठरवावी.